लग्न डिसेंबरात नाशिकला, टॅक्स एप्रिलमध्ये अमेरिकेत: जॉइंट भरायचा की सेपरेट?

समजा तुमचं लग्न २७ डिसेंबर २०२५ ला नाशिकला झालं. मुलगा न्यू जर्सीत एच-वन-बीवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर, मुलगी नाशिकलाच नोकरी करतेय. तुळशीचं लग्न झालं की मुहूर्त सुरू होतात आणि तिकडे ख्रिसमसची सुट्टीही तेव्हाच मिळते, त्यामुळे अमेरिकेतल्या आपल्या मुलामुलींची बरीचशी लग्नं याच दिवसांत उरकतात. जानेवारीत मुलगा परत गेला, मुलगी अजून इकडेच, एच-फोरच्या, म्हणजे जोडीदाराच्या व्हिसाच्या, मुलाखतीची तारीख मिळायचीये. मग एप्रिल येतो, तो टॅक्सचं सॉफ्टवेअर उघडतो, नाव-पत्त्यानंतर लगेचच फाइलिंग स्टेटसचा प्रश्न येतो आणि तो 'सिंगल'वर टिक करून पुढे जातो, कारण अख्खं वर्ष सिंगलच तर होता, लग्न होऊन पाचच दिवस झालेले.

इथेच चूक होते. अमेरिकेचा कायदा वर्षातले किती दिवस लग्न झालेलं होतं ते मोजतच नाही, तो फक्त ३१ डिसेंबरला तुम्ही कोण होता ते बघतो. ३१ तारखेला विवाहित, म्हणजे टॅक्सपुरते अख्खं वर्ष विवाहित. उलटंही तसंच, ३१ डिसेंबरला घटस्फोटाचा अंतिम निकाल हातात असेल तर अख्खं वर्ष अविवाहित. लग्न भारतात झालं, बायको अमेरिकेत कधी आलीच नाही, याने काही फरक पडत नाही, भारतात कायदेशीर असलेलं लग्न तिकडेही लग्नच.

आपल्या लोकांचा गोंधळ का होतो तेही मला कळतं. भारतात हा प्रश्नच नसतो. नवऱ्याचं पॅन वेगळं, बायकोचं वेगळं, रिटर्न वेगळं, लग्न झाल्यावर आडनाव आणि पत्ता बदलला तरी टॅक्सच्या स्लॅबला काहीच होत नाही. फार तर क्लबिंगचा नियम, म्हणजे नवऱ्याने बायकोच्या नावावर एफडी केली तर त्याचं व्याज नवऱ्याच्याच उत्पन्नात धरतात. त्यामुळे लग्न झालं म्हणून दोघांनी मिळून एकच रिटर्न भरायचं ही कल्पनाच आपल्याला नवी असते, आणि नव्या गोष्टीत माणूस एकतर घाबरतो नाहीतर समोर येईल तिथे सही करतो. मी दुसरं केलं होतं, ते पुढे सांगते.

आधी पर्याय कोणते ते बघू. फॉर्म १०४० वर, म्हणजे अमेरिकेच्या मुख्य टॅक्स रिटर्नवर, पाच स्टेटस असतात. सिंगल, मॅरिड फाइलिंग जॉइंटली, मॅरिड फाइलिंग सेपरेटली, हेड ऑफ हाउसहोल्ड, आणि जोडीदार गेल्यानंतर अवलंबून असलेलं मूल सांभाळणाऱ्यासाठी दोन वर्षं मिळणारं एक स्टेटस. लग्न झालेल्या माणसासाठी खरी निवड बहुतेक वेळा जॉइंट आणि सेपरेट या दोघांतच असते. मी पुढे हेच दोन शब्द वापरते.

आता आकडे, कारण आकड्यांशिवाय हे कळत नाही. २०२५ या वर्षासाठी, म्हणजे जे रिटर्न १५ एप्रिल २०२६ पर्यंत भरायचं त्यासाठी, स्टँडर्ड डिडक्शन जॉइंटला ३१,५०० डॉलर आहे आणि सेपरेटला १५,७५०, बरोब्बर निम्मं. स्लॅबही तसेच. जॉइंटमध्ये १२ टक्क्यांचा स्लॅब ९६,९५० पर्यंत जातो, सेपरेटमध्ये ४८,४७५ ला संपतो आणि त्यापुढे एकदम २२ टक्के.

एक जोडपं घ्या, एकाचा पगार १ लाख २० हजार डॉलर, दुसरी एच-फोरवर, उत्पन्न शून्य, दोघंही वर्षभर अमेरिकेतच. जॉइंट भरलं तर १,२०,००० वजा ३१,५००, म्हणजे ८८,५०० वर टॅक्स, तो होतो १०,१४३ डॉलर. तोच माणूस सेपरेट भरेल तर १५,७५० वजा जाऊन १,०४,२५० वर टॅक्स, तो होतो १७,८६७. फरक ७,७२४ डॉलरचा. पगार तोच, घर तेच, टिक फक्त वेगळ्या चौकोनात.

आता दोघांचाही पगार १ लाख २० हजार असेल तर? सेपरेटमध्ये प्रत्येकी १७,८६७, दोघांचे मिळून ३५,७३४. जॉइंट करून बघा, २,४०,००० वजा ३१,५००, टॅक्स ३५,७३४. एका डॉलरचाही फरक नाही. म्हणजे जॉइंटचा फायदा कशातून येतो तर दोघांच्या कमाईतल्या फरकातून. दोघांची कमाई जितकी असमान तितका फायदा मोठा, सारखी असेल तर निदान स्लॅबमध्ये तरी काहीच नाही.

हे असं का आहे याची गोष्ट मला फार आवडते, थोडं विषयांतर होईल पण होऊदे. पूर्वी अमेरिकेतही प्रत्येकाचा टॅक्स प्रत्येकाच्या कमाईवर लागायचा. पण काही राज्यांत, जिथे जुना स्पॅनिश किंवा फ्रेंच कायदा मुरलेला होता किंवा त्या धर्तीवर नवा केलेला होता, तिथे लग्नानंतरची कमाई दोघांची समाईक मानली जायची. वॉशिंग्टन राज्यातल्या सीबॉर्न जोडप्याने म्हटलं की कमाई कायद्यानेच निम्मी निम्मी आहे तर आम्ही प्रत्येकी निम्मीच दाखवणार, आणि १९३० साली सुप्रीम कोर्टाने ते मान्य केलं. झालं, त्या राज्यांतल्या जोडप्यांना कमी स्लॅब आणि बाकीच्यांना जास्त. मग चाळीसच्या दशकात टॅक्स वाचावा म्हणून इतर काही राज्यंही तसले समाईक मालमत्तेचे कायदे करायला लागली, शेवटी १९४८ मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, सगळ्या देशालाच जॉइंट रिटर्नमध्ये कमाई विभागून मोजायची सोय दिली. आजचे दुप्पट स्लॅब हे त्याच सोयीचे वारस.

आणि गोव्याचा कुणी वाचत असेल तर त्याला हे सगळं ओळखीचं वाटेल. गोव्यात १८६७ चा पोर्तुगीज नागरी कायदा लग्नाच्या बाबतीत अजून चालतो, वेगळा करार केला नसेल तर नवराबायकोची मालमत्ता समाईक, आणि त्यामुळे भारताच्या आयकर कायद्यात खास त्यांच्यासाठी तरतूद आहे, घरभाडं, धंदा, भांडवली नफा, व्याज हे दोघांच्या रिटर्नमध्ये अर्धं अर्धं दाखवायचं, पगार मात्र ज्याचा त्याचा. म्हणजे म्हापशाचं दुकानदार जोडपं आणि टेक्सासमधलं जोडपं टॅक्सच्या बाबतीत बरंच जवळचं. कारण टेक्सास, कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन, ॲरिझोना, नेवाडा, आयडाहो, न्यू मेक्सिको, लुईझियाना आणि विस्कॉन्सिन ही नऊ राज्यं आजही समाईक मालमत्तेची आहेत.

डॅलस, ह्यूस्टन, सिएटल, बे एरिया, आपली किती माणसं इथे आहेत बघा. या राज्यांत राहून सेपरेट भरायचं असेल तर नुसता आपला डब्ल्यू-टू, म्हणजे ऑफिसकडून मिळणारा वर्षाच्या पगाराचा दाखला, टाकून चालत नाही, दोघांच्या पगाराची बेरीज करून अर्धी अर्धी दाखवावी लागते, सोबत फॉर्म ८९५८. वरचं एकट्याच्या कमाईचं जोडपं टेक्सासला असेल तर सेपरेटमध्ये दोघं ६०-६० हजार दाखवतील, प्रत्येकी टॅक्स साधारण ५,०७२, दोघांचा मिळून परत १०,१४३ च. खूप लोकांना हे माहीतच नसतं, ते सेपरेट भरताना अख्खा पगार एकाच्याच नावावर टाकतात. यातही एक पोटनियम आहे, दोघांपैकी एक जण टॅक्सच्या भाषेत नॉन-रेसिडंट असेल तर पगाराची ही वाटणी होत नाही, ज्याने कमावला त्याचाच धरतात.

आता हा नॉन-रेसिडंट शब्द आला तर तिथेच थांबू, कारण आपल्या लोकांच्या बाबतीत अख्खं प्रकरण इथेच अडतं. टॅक्सचं रेसिडंट असणं आणि व्हिसा किंवा ग्रीन कार्ड असणं या वेगळ्या गोष्टी आहेत. ग्रीन कार्ड असेल तर रेसिडंट आहातच, पण नसेल तर दिवस मोजतात. या वर्षीचे अमेरिकेतले सगळे दिवस, अधिक गेल्या वर्षीच्या दिवसांचा तिसरा हिस्सा, अधिक त्याच्या आदल्या वर्षीच्या दिवसांचा सहावा हिस्सा, बेरीज १८३ किंवा वर गेली आणि या वर्षी निदान ३१ दिवस भरले तर तुम्ही रेसिडंट. एफ-वन विद्यार्थी आणि त्याच्याबरोबर एफ-टूवर असलेली बायको यांचे पहिल्या पाच कॅलेंडर वर्षांतले दिवस यात धरतच नाहीत, म्हणून ते सहसा नॉन-रेसिडंटच राहतात आणि १०४० ऐवजी १०४०-एनआर भरतात. तिथेही लग्न झालेला विद्यार्थी सवयीने सिंगल टाकतो, आणि ते चुकीचं असतं, त्याला सेपरेटच टाकावं लागतं. दोघंही नॉन-रेसिडंट असतील तर जॉइंटचा रस्ता बंद.

पण एक जण ३१ डिसेंबरला रेसिडंट किंवा सिटिझन असेल आणि दुसरा नसेल तर? नाशिकची आपली नवरी, किंवा १५ ऑक्टोबरला एच-फोरवर आलेली, जिचे वर्षअखेरपर्यंत ७८ च दिवस भरले. कायदा म्हणतो एरवी तुम्हाला जॉइंट मिळणार नाही, पण तुम्ही दोघांनी मिळून लिहून दिलंत की हिलाही अख्ख्या वर्षासाठी रेसिडंट समजा, तर मिळेल. यासाठी वेगळा छापील फॉर्म नाही, साधं पत्र असतं, त्यात लिहायचं की वर्षाच्या शेवटच्या दिवशी एक जण रेसिडंट होता, दुसरा नव्हता, आणि आम्ही दोघं अख्ख्या वर्षासाठी रेसिडंट म्हणून गणले जायचं निवडतोय, दोघांची नावं, पत्ते, नंबर आणि दोघांच्या सह्या. पहिल्या वर्षी ते रिटर्नला जोडायचं, पुढच्या वर्षांना ते आपोआप लागू राहतं.

ही निवड नंतर मागे घेता येते, पण एकदा मागे घेतली की ती दोघांनाही परत कधीच करता येत नाही.

वर्षाच्या मध्यात दोघंही आलेत, म्हणजे जुलैत एच-वन-बी आणि एच-फोरवर उतरले आणि डिसेंबरपर्यंत दिवस भरले, त्यांच्यासाठी साधारण अशीच वेगळी निवड आहे, नाहीतर त्यांचं वर्ष अर्धं नॉन-रेसिडंट अर्धं रेसिडंट असं तुटतं आणि तुटलेल्या वर्षात ना स्टँडर्ड डिडक्शन मिळतं ना जॉइंट.

बायकोला सोशल सिक्युरिटी नंबर नसेल तर आयटीआयएन, म्हणजे फक्त टॅक्ससाठी मिळणारा नंबर, लागतो, त्यासाठी डब्ल्यू-७ फॉर्म रिटर्नबरोबरच कागदावर जातो. त्याला मूळ पासपोर्ट किंवा पासपोर्ट ऑफिसने प्रमाणित केलेली प्रत लागते. पासपोर्ट पोस्टाने पाठवायच्या कल्पनेनेच माणूस हबकतो, आणि बरोबरच आहे, मध्येच घरी जायची वेळ आली तर काय करणार. आयआरएसने, म्हणजे अमेरिकेच्या आयकर खात्याने, नेमलेले एजंट असतात, ते मूळ पासपोर्ट बघून तिथल्या तिथे परत देतात आणि तसं प्रमाणपत्र लावतात. थोडे पैसे घेतात पण माझ्या मते ते द्यावेत.

आता नाशिकच्या जोडप्याचा हिशोब करू. नवरा १ लाख २० हजार डॉलर, बायकोचा नाशिकचा पगार वर्षाला १२ लाख रुपये, ढोबळमानाने १४ हजार डॉलर धरा. सेपरेट भरलं तर नवऱ्याला १७,८६७ आणि बायकोचा अमेरिकेशी काही संबंधच नाही, तिने तिकडे एक कागदही भरायचा नाही. जॉइंट निवडलं तर तिचा नाशिकचा पगारही रिटर्नमध्ये आला, एकूण १,३४,०००, टॅक्स १२,३७८. म्हणजे तिचा पगार धरूनही ५,४८९ डॉलर वाचले, वर तिने भारतात भरलेल्या आयकराचं क्रेडिट फॉर्म १११६ वर मागता येतं, ते वेगळंच.

मग सगळ्यांनी जॉइंटच करावं? पैशांच्या दृष्टीने बहुतेक वेळा हो. पण नुसता पगारच आत येतो असं नाही, तिचं जगभरातलं सगळं उत्पन्न आत येतं. एफडीचं व्याज, गावाकडच्या घराचं भाडं, शेअर विकले ते, आणि पीपीएफचं व्याजसुद्धा, भारतात करमुक्त असलं तरी अमेरिकेच्या कायद्यात त्याला तशी सूट नाही. भारतातले म्युच्युअल फंड तर सगळ्यात त्रासाचे, त्यांना तिकडे वेगळ्याच जाचक नियमात टाकलंय, फंडागणिक फॉर्म ८६२१, आणि महिना दोन हजारांच्या एसआयपीच्या कागदपत्रांचा खर्च कधी कधी फायद्याहून जास्त होतो. म्हणून मी सांगते, ज्या मुलीची भारतात मोठी गुंतवणूक आहे तिने त्या पहिल्या वर्षी जॉइंटच्या पत्रावर सही करायच्या आधी कागद पेन्सिल घेऊन बसावं, टॅक्स किती वाचतोय आणि काय काय अंगावर येतंय ते लिहावं, आणि मगच ठरवावं.

माझं तेच झालं नाही. मी पुण्यात सहा वर्षं नोकरी केलेली, नावावर पीपीएफ, दोन एसआयपी, आईबरोबरच्या जॉइंट खात्यात एफडी. लग्नानंतर पहिल्या एप्रिलमध्ये टॅक्स करून देणाऱ्या माणसाने नवऱ्याचा डब्ल्यू-टू घेतला, माझा पासपोर्ट घेतला, आणि फोनवर सहीसाठी एक लिंक पाठवली. त्याने भारतातलं विचारलं नाही, आम्ही सांगितलं नाही, आम्हाला सांगायचं असतं हेच माहीत नव्हतं. मी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या सही केली. रिफंड चांगला आला, आम्ही खूश. दोन वर्षांनी एका मैत्रिणीशी बोलताना एफबारचा विषय निघाला आणि माझ्या पोटात गोळा आला. मग १०४०-एक्स भरून दोन्ही रिटर्न दुरुस्त केली, राहिलेले एफबार उशिरा भरले, व्याजासकट टॅक्स भरला. निभावलं, पण ते दोन महिने घरात कुणाला धड झोप नव्हती. आणि सगळ्यात जास्त मला हे लागलं की उत्पन्न माझं होतं, सही माझी होती, आणि मी त्यातलं एक पान वाचलं नव्हतं.

एफबार म्हणजे परदेशातल्या खात्यांची माहिती, ती टॅक्स रिटर्नपेक्षा वेगळी ऑनलाइन भरायची. तुमच्या सगळ्या परदेशी खात्यांची मिळून शिल्लक वर्षात एका दिवशी जरी १० हजार डॉलरच्या वर गेली तरी भरावी लागते. आपल्याकडे सासूबाईंच्या खात्यावर सोयीसाठी सुनेचं नाव घातलेलं असतं ना, तेही यात येतं, पैसा तुमचा नसला तरी. यात टॅक्स नाही, नुसती माहिती आहे, पण न भरल्याचा दंड हजारो डॉलरचा होऊ शकतो. त्याशिवाय फॉर्म ८९३८, तो रिटर्नबरोबर जातो, अमेरिकेत राहणाऱ्या जॉइंटवाल्यांना वर्षाच्या शेवटी १ लाख डॉलरच्या वर किंवा मध्ये कधीही दीड लाखाच्या वर परदेशी ठेवी-गुंतवणूक असेल तर, सेपरेटवाल्यांना बरोबर निम्म्यावर.

आता ज्याच्यासाठी मी हे लिहायला बसले ते. जॉइंट रिटर्नवर दोघांची सही असते आणि त्या सहीचा अर्थ असा की त्या रिटर्नच्या सगळ्या टॅक्सला, व्याजाला, दंडाला दोघंही जबाबदार, आणि निम्मे निम्मे नाही, प्रत्येक जण पूर्ण रकमेला. नवऱ्याने साइड बिझनेसचं उत्पन्न लपवलं, नाहीतर खोटे खर्च दाखवले, तर आयआरएस ती अख्खी रक्कम बायकोकडूनही वसूल करू शकतं, तिने एक डॉलर कमावला नसला तरी, आणि पुढे घटस्फोट झाला तरी. घटस्फोटाच्या कागदात 'टॅक्स नवरा भरेल' असं लिहून घेतलं तरी आयआरएसला ते बांधील नाही.

एच-फोरवरच्या मुली या बाबतीत सगळ्यात उघड्यावर असतात असं मला वाटतं. नोकरी नाही, क्रेडिट कार्डही नवऱ्याच्या खात्यावरचं, आणि रिटर्न म्हणजे 'तो बघतो ते'. इथे संशय घ्या असं मी म्हणत नाहीये, बहुतेक घरांत सगळं सरळच असतं. पण सही करण्याआधी पूर्ण रिटर्नची पीडीएफ मागा, ई-फाइलच्या सहीचं पान नाही, पूर्ण रिटर्न. पहिल्या दोन पानांवर उत्पन्न, टॅक्स आणि रिफंड असतो, रिफंड कुठल्या खात्यात जाणार तो नंबरही तिथेच असतो. आणि जुन्या जॉइंट रिटर्नची नोंद तुम्हाला तुमच्या स्वतःच्या आयआरएसच्या ऑनलाइन खात्यातूनही काढता येते, त्यासाठी नवऱ्याला विचारायची गरज नाही.

आणि सही झालेली असेल, आता अडचण निघाली असेल, तर दारं अगदी बंद नाहीत. फॉर्म ८८५७ भरून निर्दोष जोडीदार म्हणून सूट मागता येते, तुम्हाला माहीत नव्हतं आणि माहीत असण्याचं कारणही नव्हतं हे दाखवावं लागतं, घरात छळ किंवा पैशावर ताबा असेल तर तोही विचारात घेतात. दुसरा एक प्रकार, नवऱ्याचं लग्नाआधीचं कर्ज, थकलेलं सरकारी स्टुडंट लोन किंवा आधीच्या लग्नातल्या मुलाची पोटगी, त्यात तुमचा जॉइंट रिफंड कापून घेतला, तर तुमच्या हिश्शाचा रिफंड फॉर्म ८३७९ ने परत मागता येतो. हे दोन फॉर्म वेगळे आहेत, नावं सारखी वाटतात म्हणून लोक घोळ करतात.

मग सेपरेट कधी करायचं? जोडीदाराच्या हिशोबावर भरवसा नसेल तेव्हा, हे पहिलं, थोडा जास्त टॅक्स गेला तरी चालेल. वेगळं राहायला लागलात पण घटस्फोट व्हायचाय, तेव्हा. एकाचा स्टुडंट लोनचा हप्ता कमाईवर ठरतो आणि जॉइंट केल्याने तो दुसऱ्याच्या पगारामुळे फुगतो, तेव्हा. एकाचा दवाखान्याचा खर्च प्रचंड झालाय, कारण तो उत्पन्नाच्या साडेसात टक्क्यांच्या वरचाच वजा होतो आणि एकट्याच्या उत्पन्नाचे साडेसात टक्के कमी असतात, तेव्हा. आणि वर सांगितलं तसं, जोडीदाराचं भारतातलं उत्पन्न आत आणणं परवडत नसेल तेव्हा.

सेपरेटची किंमत पण नीट समजून घ्या. शिक्षणाची क्रेडिट जातात, स्टुडंट लोनच्या व्याजाची वजावट जाते, डे-केअरचं क्रेडिट सहसा जातं, शेअरमधला तोटा पगारातून वर्षाला ३,००० ऐवजी १,५०० च वजा होतो, वर्षभरात एकत्र राहिलेला असाल तर उत्पन्न १० हजार डॉलरला पोचलं की रॉथ आयआरए या निवृत्तीच्या खात्यात थेट पैसे टाकता येत नाहीत. आणि एकाने घराच्या कर्जाचं व्याज वगैरे मोजून आयटेमाइज केलं तर दुसऱ्यालाही तेच करावं लागतं, त्याच्याकडे दाखवायला काही नसलं तरी, त्याला स्टँडर्ड डिडक्शन शून्य. याउलट जॉइंटमध्ये न कमावणाऱ्या बायकोच्या स्वतःच्या नावावरच्या आयआरएमध्ये नवऱ्याच्या कमाईच्या आधारावर २०२५ साठी ७,००० डॉलरपर्यंत टाकता येतात. खातं तिचं एकटीचं. हे मला फार महत्त्वाचं वाटतं आणि आपल्यात कुणी बोलत नाही.

मुलं असतील तर. अमेरिकेत जन्मलेलं, सोशल सिक्युरिटी नंबर असलेलं १७ च्या खालचं मूल, २०२५ ला २,२०० डॉलर क्रेडिट. त्याचीच मोठी बहीण भारतात जन्मली, एच-फोरवर, तिला आयटीआयएन, तर ५०० डॉलर. एकाच घरातली दोन भावंडं, पण नियम असा आहे. हेड ऑफ हाउसहोल्ड लग्न झालेल्याला सहज मिळत नाही, मूल तुमच्याजवळ अर्ध्या वर्षाहून जास्त राहत असेल, घरखर्चाचा निम्म्याहून जास्त भार तुम्ही उचलत असाल आणि जोडीदार वर्षाचे शेवटचे सहा महिने वेगळा राहिला असेल, किंवा जोडीदार नॉन-रेसिडंट असेल आणि तुम्ही ती जॉइंटची निवड केली नसेल, तरच. मूल आजीकडे साताऱ्याला आहे म्हणून इथे हेड ऑफ हाउसहोल्ड टाकता येत नाही.

दोघंही नोकरी करत असाल तर एक गोष्ट एप्रिलच्या आधीच बघा, डब्ल्यू-४, म्हणजे पगारातून टॅक्स किती कापायचा ते ऑफिसला सांगणारा फॉर्म. दोघांनीही आपापल्या ऑफिसात 'मॅरिड फाइलिंग जॉइंटली' टिक केलं आणि पुढचा 'दोन नोकऱ्या' चा चौकोन सोडला, की दोन्ही ऑफिसं जॉइंटचं स्टँडर्ड डिडक्शन आपापल्या परीने पूर्ण धरून कापतात, वर्षभर हातात जास्त पगार येतो आणि एप्रिलमध्ये काही हजार डॉलर भरायची वेळ येते. मेडिकेअरचा, म्हणजे म्हातारपणीच्या सरकारी आरोग्य विम्यासाठीचा, ०.९ टक्के जादा टॅक्सही तसाच फसवतो, ऑफिस तो तुमचा एकट्याचा पगार २ लाखांच्या वर गेल्यावरच कापतं, पण जॉइंटची मर्यादा दोघांची मिळून अडीच लाख आहे. दोघांचा १ लाख ६० हजार प्रत्येकी असेल तर ७० हजारांवर ६३० डॉलर, जे कुणीच कापलेले नसतात. सेपरेटला ही मर्यादा प्रत्येकी सव्वा लाख, म्हणजे तिथेही सुटका नाही.

राज्याचं रिटर्न वेगळं असतं आणि त्याचे नियम वेगळे. पुष्कळ राज्यं फेडरलला जे टाकलंत तेच टाका म्हणतात, सगळीच नाही, आपापल्या राज्याचं बघून घ्या. टेक्सास आणि वॉशिंग्टनमध्ये पगारावर राज्याचा टॅक्सच नाही.

ठरत नसेल तर वेळेचा एक नियम लक्षात ठेवा. सेपरेट भरलेलं रिटर्न नंतर जॉइंट करता येतं, मूळ मुदतीपासून तीन वर्षांच्या आत, १०४०-एक्स भरून. जॉइंटचं सेपरेट मात्र मुदत संपल्यावर करता येत नाही. म्हणून नाशिकच्या त्या जोडप्याची कागदपत्रं एप्रिलपर्यंत जमली नाहीत, तिच्या फंडांचा हिशोब लागला नाही, तर घाईत सही करू नका, फॉर्म ४८६८ भरून १५ ऑक्टोबरपर्यंत मुदत घ्या, कारण सांगावं लागत नाही. मुदत फक्त कागद भरायला मिळते, पैसे १५ एप्रिललाच भरायचे असतात, म्हणून नवऱ्याच्या सेपरेटच्या हिशोबाने जेवढा टॅक्स बसतो आणि पगारातून जेवढा आधीच कापला गेलाय त्यातला फरक त्या फॉर्मबरोबरच भरून टाका, नंतर जॉइंट ठरलं तर जास्तीचे परत येतील.